कोकणात आयटीआय करून गॅरेज टाकलं तर चालेल का?

चालेल, पण आधी दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी गॅरेजात हात काळे कर. मोटर मेकॅनिकचा कोर्स 2 वर्षांचा, त्यात इंजिन खोलायला शिकवतात पण गंजलेला बोल्ट न तोडता कसा काढायचा ते हातालाच कळतं, आणि इथे रत्नागिरीत आमचं निम्मं काम तेच, खारी हवा त्यात चार महिने पाऊस, सायलेन्सर, ब्रेक पाइप, खालचा पत्रा सगळं सडतं. गणपतीत तर जेवायला फुरसत नाही, चाकरमानी घाटात क्लच जाळून येतात (कशेडीला बोगदा झाला तरी!) आणि वर म्हणतात भाऊ उद्याच निघायचंय, अरे पार्ट कोल्हापूरवरनं यायचाय, उडत येणार काय? आणि उधारी वहीत लिहून ठेव, बागायतदार आंब्याचे पैसे हातात आल्यावरच देतात.