स्टेनलेस स्टीलच्या खांबांना अग्निरोधक लेप लावावाच लागतो का?

दरवेळी नाही. '५५० अंशांना स्टील संपतं' असं सांगून तुम्हाला कुणी लेपाचा आग्रह धरत असेल, तर त्या पठडीतल्या माणसाशी मी भांडलेलो आहे.

काम असं होतं: प्रवेशदालनातले उघडे दिसणारे स्टेनलेसचे चौकोनी पोकळ कॉलम. पत्रा जाड, वरचा भार बेताचा, मागणी आगीत अर्धा तास टिकण्याची. मी आकडेमोड जोडून दिली. तपासणारे सल्लागार ज्येष्ठ, त्यांनी पानसुद्धा उलटलं नाही. "५५०. पेंट मारा." म्हटलं, सर, तो ढोबळ आकडा कार्बन स्टीलचा, म्हणजे बांधकामातल्या नेहमीच्या स्टीलचा आहे. तर म्हणे, "स्टील ते स्टील!" शेवटी इंट्यूमेसंट (आगीत फुगून स्टीलला झाकणारा) पेंट बसला, आणि तो दिसू नये म्हणून त्यावर चकचकीत स्टेनलेसच्याच पत्र्याचं आवरण. खर्च मालकाच्या खिशातून, अर्थात.

आता त्यांनी न उलटलेल्या पानावर काय होतं ते ऐका. युरोकोडच्या (युरोपीय बांधकाम मानकाच्या) तक्त्यात ८०० अंशांना कार्बन स्टीलचा स्टिफनेस (ताठपणा) मूळच्या ९ टक्के उरतो, स्टेनलेसचा ६३ टक्के. सडपातळ कॉलम आगीत बकल होतो, म्हणजे भाराखाली बाजूला वाकून कोसळतो, तो मुख्यतः स्टिफनेस गेल्यामुळे, त्यामुळे इथे हाच फरक निर्णायक. शिवाय स्टेनलेसचा पृष्ठभाग उष्णता कमी शोषतो: उत्सर्जकता (उष्णतेचे किरण सोडण्या-शोषण्याचं प्रमाण) ०.४ धरतात, कार्बन स्टीलला ०.७. आयएसओ ८३४ या मानकातल्या चाचणीच्या आगीत अर्ध्या तासाला वायूचं तापमान ८४० च्या वर असतं, पण जाड पत्र्याचा कॉलम हळू तापतो, त्या तापमानाच्या मागे राहतो. एवढं असताना नुसत्या ५५० वर सही करणाऱ्याला तपासणीची फी कशाबद्दल द्यायची, हे मला आजही कळत नाही.

म्हणून तुमच्या सल्लागाराकडे क्रिटिकल टेंपरेचरचं, म्हणजे कॉलम किती तापल्यावर भार पेलेनासा होईल याचं, गणित लेखी मागा. ग्रेडनुसार, प्रत्यक्ष भारानुसार.

हां, पण माझं ऐकून लगेच लेप रद्द करू नका. तासाभराची मागणी असेल तर वायू ९४५ अंशांवर जातो, तिथे उघडा कॉलम सहसा टिकत नाही. पातळ पत्रा आणि भरपूर भार असेल तर अर्धा तासही अवघड. ३०४ किंवा ३१६ ग्रेडचं स्टेनलेस कार्बन स्टीलपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे दोन्ही टोकं जखडलेली असतील तर दाबाचा जादा भार धरा. आणि वर गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी-बिळी असेल तर ती हलवा. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि तापलेल्या स्टेनलेसवर ठिबकलं तर त्याला तडे जाऊ शकतात.