देवमाशाचं तेल आणि चिकट मणका

प्रश्न : मुलीकडे न्यूझीलंडला गेलो असताना कायकोरा इथलं फायफ हाऊस पाहिलं. देवमाशांच्या शिकारीच्या काळातलं हे घर देवमाशाच्या मणक्यांवर उभं आहे. अशा संग्रहालयांतल्या, चरबी वितळवून तेल काढायच्या बिडाच्या मोठ्या कढयांची एक बाजू सपाट का असते? आमच्या घरी वडिलांनी कोकणातून आणलेला देवमाशाचा मणका आहे. तो उन्हाळ्यात चिकट होतो. वार्निश लावू का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : वार्निश मुळीच लावू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

कढई सपाट असते ती भट्टीमुळे. विटांच्या भट्टीत दोन कढया बाजूला बाजू टेकवून बसवत, म्हणजे मधून जाळ वाया जात नसे. चरबीच्या तुकड्यांना पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ चिरा देत, खालची कातडी मात्र अखंड ठेवत. चिरा पातळ असल्या की तेल लवकर सुटे. उरलेला कुरकुरीत चोथा झाऱ्याने काढून त्याच भट्टीत सरपण म्हणून घालत. खरा धोका पाण्याचा. तापल्या तेलात पाणी गेलं की तेल फसफसून उतू जाई आणि भडका उडे. तेल निवल्यावरच लाकडी पिंपांत भरत. पिंप गळलं तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणून पिंपं बांधणारा कारागीर फार मोलाचा. फायफ हाऊसचा सर्वांत जुना भाग अशाच कारागिरासाठी 1840च्या दशकात बांधला गेला.

आता मणका. देवमाशाचं हाड स्पंजासारखं सच्छिद्र असतं आणि त्या छिद्रांतही तेल भरलेलं असतं. ते वर्षानुवर्षं झिरपतं. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात 2000 साली टांगलेल्या निळ्या देवमाशाच्या सांगाड्यातून इतकं तेल ठिबकत राहिलं की ते बाटलीत गोळा करावं लागलं. उष्णतेने तेल पातळ होऊन वर येतं, हवेने पिवळं-तपकिरी पडतं आणि त्यावर धूळ बसते. वार्निशखाली ते कोंडतं, थर सुटून पोपडे निघतात. उकळत्या पाण्यात टाकलं तर हाडच ठिसूळ होतं. मऊ कोरड्या ब्रशने झटकणं, ऊन टाळणं, एवढंच करावं.

पण त्याआधीचं काम महत्त्वाचं आहे. देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचे अवशेष परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, मग ते वडिलोपार्जित का असेनात. मणका कुणाला देऊ-विकू नका, वन विभागाच्या कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. मुलांना देवमाशाची हाडं दाखवायची तर बडोद्यातच कमाटीबागेतलं संग्रहालय आहे : 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या, पूर्ण वाढ न झालेल्या निळ्या देवमाशाचा सुमारे 22 मीटरचा सांगाडा तिथे आहे.