अनोळखी माणसाशी बोलायचं कसं? विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : अमरावतीला विद्यापीठात परिसंवादाला जाते. भाषण संपलं की पाहुण्यांभोवती गर्दी होते, सेल्फी होतात आणि मी न बोलताच बस पकडते. (बी.एस्सी., दारव्हा)

भाषणानंतरची दहा मिनिटं ही भेटायची सगळ्यात वाईट वेळ. त्यापेक्षा अर्धा तास आधी पोहोचा. नोंदणीच्या टेबलापाशी, चहाच्या वेळी किंवा जेवणाच्या रांगेत पाहुणे बहुधा मोकळे सापडतात. आधी भेट झाली नाही, तर भाषणातला एखादा मुद्दा वहीत लिहून ठेवा आणि बोलणं तीन वाक्यांत आटपा : नाव-गाव-वर्ग, तो मुद्दा, त्यावरचा एक प्रश्न. "सर, मार्गदर्शन करा" एवढंच म्हटलं, तर समोरच्याला काय सांगावं ते कळत नाही. "यावर्षी प्रकल्पासाठी विहिरींच्या पाण्याचे नमुने घेणार आहे, पावसाळ्याआधी घेऊ की नंतर?" असं विचारलं की उत्तर मिळतं. मोबाइल नंबराऐवजी ईमेल मागा. तो द्यायला सहसा कोणी कचरत नाही. त्याच रात्री दोन ओळींचं आभाराचं पत्र टाका.

प्रश्न : 'रावे'साठी, म्हणजे गावात राहून करायच्या ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात आहे. फॉर्म काढला की शेतकरी "नंतर या" म्हणतात. (कृषी पदवी, शेवटचं वर्ष)

फॉर्म पिशवीतच राहू द्या. क्षेत्र किती, उत्पन्न किती, कर्ज किती, असं सुरू झालं की तुम्ही बँकेचे की तलाठ्याकडचे, ही शंका येणारच. पेरणीच्या आणि वेचणीच्या घाईत कोणाला अडवू नका. संध्याकाळी पारावर किंवा दूध घालायला आलेली माणसं निवांत बोलतात. "काकाजी, मी अमुक गावचा, कृषी कॉलेजात शिकतो, काही आठवडे तुमच्याच गावात हाये" एवढं पुरे. गावाचं नाव घेतलं की कुठली ना कुठली सोयरीक निघतेच आणि निम्मं काम होतं.

मग शेत पाहू द्यायची विनंती करा. कपाशी फुलावर असेल तर त्यांच्यादेखत डोमकळी शोधा : नीट न उमलता पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून राहिलेलं फूल. ते हळूच सोडवलं की आत गुलाबी बोंडअळीची बारीक अळी दिसते. बोंडं धरली असतील तर शेताच्या वेगवेगळ्या भागांतली 20 हिरवी बोंडं तोडून फोडा. दोनांत अळी निघाली म्हणजे प्रादुर्भाव 10 टक्के, उपाय करायची पातळी गाठली. अळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढचे प्रश्न आपणहून विचारतो.

इथे मात्र एक चूक हमखास होते : भरवसा बसला म्हणून विद्यार्थी तिथल्या तिथे औषधाचं नाव ठोकून देतात. तसं करू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली आहेत. "कृषी विज्ञान केंद्रात विचारून उद्या सांगतो" म्हणा आणि उद्या खरंच सांगायला जा. तो उद्या चुकला तर त्या घरचा फॉर्म विसरा. पाळला, तर तिसऱ्या भेटीत काकाजी स्वतःच "काय लिहाचं हाय ते लिही" म्हणतील.

वेचणीच्या बायांशीही बोला. कोणत्या धुऱ्याकडे किडकी बोंडं जास्त, हे मालकाआधी त्यांना ठाऊक असतं. गटात मुली असतील तर ही सुरुवात त्यांनी करावी.

प्रश्न : नागपूरच्या वसतिगृहात माझ्या वऱ्हाडी बोलण्यावर मुली हसतात, म्हणून गप्प राहते. (बी.ए., पहिलं वर्ष)

बोली बदलू नका. दहा जणींच्या घोळक्यात शिरण्याऐवजी मेसमध्ये शेजारी बसलेल्या एकीला विचारा : "तू कोण्या गावची?" खेड्यातून आलेल्या इतर मुलीही तुमच्यासारख्याच गप्प बसलेल्या असतात. शिवाय राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. वर्षाला 120 तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर यांत हाताला काम असतं, त्यामुळे बोलायला विषय शोधावा लागत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या माजी विद्यार्थिनीला व्हॉट्सअॅपवर "हाय मॅडम" टाकलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. (बी.कॉम., मेहकर)

नुसत्या "हाय"ला काय उत्तर देणार? असं लिहा : "नमस्कार ताई, मी मेहकरच्या आपल्याच कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा नंबर अमुक मॅडमनी दिला. बँकेच्या परीक्षेसाठी गणिताची सुरुवात कोणत्या पुस्तकानं केली, एवढंच विचारायचं होतं. सवडीनं सांगितलं तरी चालेल." नंबर कोणी दिला, हे वाक्य गाळू नका, अनोळखी नंबरावर भरवसा त्यानंच बसतो. आठवडाभर थांबून एकदा आठवण द्या. तिसरा मेसेज नको. पुस्तक सुचवलं तर महिन्याभरानं कोणते धडे झाले ते कळवा. अशा मुलीला पुढच्या भरतीची जाहिरात लोक आपणहून पाठवतात. आणि ओळख नवी असताना नोकरी लावून देतो म्हणून कोणी आधार कार्डाचा फोटो किंवा पैसे मागितले, तर बोलणं तिथेच थांबवा आणि घरी व विभागातल्या शिक्षकांना लगेच सांगा.