रानातली सफेद मुसळी काढायला कोणतं अवजार घ्यावं?

प्रश्न असा आहे: "अमेरिकेत जंगली जिनसेंगची मुळं खणायला खास कुदळी मिळतात, असं व्हिडिओत पाहिलं. आपल्याकडे रानातली सफेद मुसळी काढायला काय वापरतात? ऑगस्टमध्ये गावी जाणार आहे, तेव्हा काढून बघायची आहे. जपानी खुरपं ऑनलाइन मागवू का?"

खुरप्याचं नंतर बघू. आधी तो ऑगस्ट खोडा.

ऑगस्टमध्ये मुसळी काढणं म्हणजे बाठ न धरलेली कैरी अढीत घालून आंब्याची वाट बघणं. तरी दरवर्षी बराच माल ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच निघतो, कारण तेव्हा झाड दिसतं. आमच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याशी माझं यावरून कित्येक पावसाळे वाजतंय. त्याचं एकच पालुपद: "पान दिसतंय तोवर काढा, नंतर शोधणार कुठं?" तुमचा प्रश्न वाचला आणि तोच समोर बसलाय असं वाटलं. म्हणून हे लांबलेलं उत्तर.

जिनसेंग आणि मुसळीत पहिला फरक इथेच आहे. जिनसेंग शरदात खणतात तेव्हा झाड जागेवर उभं असतं, पान पिवळं पडलेलं, वर लाल फळांचा झुबका. मूळ तयार आणि झाडही डोळ्यासमोर. मुसळीचं उलटं. जमिनीतला माल तयार होतो तेव्हा वर काडीसुद्धा नसते. पान सप्टेंबरअखेरीपासून पिवळं पडतं, आडवं होतं, कुजून जातं. दिवाळीत तिथून चालत गेलात तर पायाखाली मुसळी आहे हे कळणारही नाही. त्यामुळे मुसळीचं पहिलं अवजार खुरपं नव्हे, खुंटी.

आता ऑगस्टमध्ये आत काय चाललेलं असतं ते बघा. पहिल्या पावसाबरोबर चकतीवरचा डोळा फुटतो. चकती म्हणजे जिथून सगळी बोटं (मुसळीची बोटासारखी जाड मुळं) लोंबतात तो वरचा बुडखा. ही पालवी गेल्या वर्षीच्या बोटांमधल्या साठ्यावर वाढते. ती जुनी बोटं रिकामी होत जातात, दाबली तर पिचकतात, आणि त्याच चकतीतून नवी फुटतात. जुलैत खणलंत तर हाती जुन्या पिशव्या आणि नवे दोरे. ऑगस्टमध्ये नवी बोटं जाड दिसतात खरी, पण आत पाणी. सोलून उन्हात टाकली की तिसऱ्या दिवशी पिवळट, सुरकुतलेली दोरी होते. साल पांढरट असेल तर माल कच्चा. पान गळल्यावर ती आधी तपकिरी आणि मग गडद तपकिरी होत जाते, आणि आतलं अंग दुधासारखं पांढरं घट्ट होतं. पान गळाल्यापासून निदान दीड-दोन महिने थांबायचं, म्हणजे मार्गशीर्ष धरा. पक्क्या मालाचं सोललेलं चार-पाच किलो ओलं सुकून किलोभर भरतं. कच्च्याचं गणित न मांडलेलं बरं.

तेव्हा ऑगस्टमध्ये जाच, पण खुंट्या घेऊन जा. चिरलेला बांबू, दीड वीत लांब, बोटभर जाड. जमिनीत जाणारं टोक चुलीत काळं करून घ्या, वाळवी उशिरा लागते. वरच्या टोकाला ऑइलपेंटचा फटका मारा. खुंटी रोपापासून चार बोटांवर ठोका, आणि कायम चढाच्या अंगाला. खणताना चर उताराच्या बाजूने सुरू होतो, म्हणजे खुंटी शेवटपर्यंत जागेवर राहते आणि चकती नेमकी कुठे आहे ते सांगत राहते. गुराखी पोरं खुंट्या उपटतात, त्याला इलाज नाही. म्हणून शेजारी तीन दगड मांडायचे आणि वहीत लिहायचं: मोहापासून उगवतीला सात पावलं.

खूण कोणाला करायची? पानं जमिनीलगत चारी बाजूंना पसरलेली, मधून पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांचा दांडा, एकाहून जास्त दांडे असतील तर उत्तम. एकच बारका दांडा असलेलं रोप सोडून द्या. जिथे जूनमध्ये लोकांनी कुलूची भाजी खुडून नेलीय (फोडशी म्हणतात तीच, म्हणजे मुसळीचाच कोवळा पाला), तिथे मोठ्या गड्ड्याची आशा धरू नका. पानाने जे खाली पाठवायचं ते तुमच्या ताटात गेलं. दांड्यावरची तिधारी बोंडं मात्र तोडू नका. त्यातलं कांद्याच्या बियांसारखं काळं बी तिथेच गळू दे. ते उगवतं कमी, पण उगवतं.

आता खणणं.

गेल्या मार्गशीर्षातला एक गड्डा सांगतो, म्हणजे काय बिनसतं ते समजेल. सातपुड्याचा उतार, मुरमाड लाल माती, वर सागाचा पाला. खुंटीच्या खालच्या अंगाला एक वीत अंतर सोडून चर उघडला. रुंदी दीड वीत, खोली वीत आणि चार बोटं. बोटं लांबीला वीतभराच्या आतबाहेर असतात, म्हणून चर त्यांच्या टोकांपेक्षा खाली जायला हवा. एवढं काम छोट्या दांड्याच्या टिकावाचं. इथून टिकाव बाजूला. पुढे खुरप्याने चराच्या भिंतीची माती खालून कोरत आत जायचं, वरून नाही. खाली पोकळी झाली की वरची माती आपल्या वजनाने चरात ढासळते आणि बोटं लोंबती राहतात. तीन बोटं दिसली, मग पाच. पाचव्यामागे मुठीएवढा दगड होता. सोबतच्या पोराने पहार घातली आणि दगड आपल्याकडे, म्हणजे मुळांच्या अंगावर उचकला. अकरा बोटांपैकी चार चकतीपाशी कटकन तुटली. दगड नेहमी मुळापासून लांब, बाजूला लोळवायचा. तेवढी जागा नसेल तर आधी जागा करायची. पहारेचं काम तिथे सुरू होतं आणि तिथेच संपतं.

"तुटली तर तुटली, वजन तेवढंच ना," हे त्या व्यापाऱ्याचं दुसरं पालुपद. वजन तेवढंच, हे खरं. पण चकतीपासून तुटलेल्या बोटाला डोळा नसतो. ते परत लावलं तर कुजतं, फुटत नाही. आणि पहार चकतीखाली घालून गड्डा उचकटला की बोटांबरोबर चकतीही फाटते, म्हणजे पुढच्या वर्षी त्या जागी काही नाही. नीट काढलेल्या गड्ड्यातली जाड बोटं सुरीने चकतीपासून वेगळी करायची. डोळा शाबूत ठेवून, दोन-तीन बारकी बोटं तिलाच राहू देऊन चकती त्याच खड्ड्यात परत बसवायची. डोळा वर, वर दोन बोटं माती, त्यावर पाला. पाणी घालू नका, ती झोपलेली असते. याला दोन मिनिटं लागतात, आणि सगळी हातघाई ती दोन मिनिटं वाचवण्यासाठी चाललेली असते.

खुरपं गावच्या लोहाराकडून करून घ्या. ट्रकच्या कमानपाट्याचं सांगा, साध्या पत्र्याचं मुरमात वळतं. पातं दोन बोटं रुंद, वीतभर लांब, टोकाला किंचित बाक. धार नको. टोकही कानशीने गोल करून घ्या, कारण टोकदार पातं बोटात घुसलं की तिथली साल जाते आणि सुकल्यावर तो डाग लाल-तपकिरी उठून दिसतो. शेवटची दोन इंच माती लोखंडाने काढायचीच नाही. त्यासाठी धावड्याची किंवा बांबूची चपटी केलेली काडी. जिनसेंगवाले याच कामाला लांब स्क्रूड्रायव्हर वापरतात, तोही चालतो, पण कोरायला. पेचात अडकवून उचकायला नव्हे. बोटांची शेंडी दोऱ्यासारखी बारीक होत जाते, तिच्यामागे लागू नका. तुटली तरी सुकून तिचा धागाच होणार असतो.

काळ्या जमिनीत मार्गशीर्षापर्यंत ढेकूळ दगडासारखं होतं. तिथे आदल्या संध्याकाळी खुंटीभोवती दोन-तीन लिटर पाणी हळूहळू जिरवा. सकाळी माती खुरप्याला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं, दुपारपर्यंत थांबा.

काढलेला माल गोणीत भरू नका, घासून सोलपटतो. टोपलीत, अंगच्या मातीसकट आणा. घरी धुवा आणि शक्यतो त्याच दिवशी सोला. साल वाळली की अंगाला धरून बसते आणि मग सुरीबरोबर गरही जातो. जमणार नसेल तर ओलसर वाळूत ठेवा. सोललेली बोटं कापडावर एकेक सुटी पसरा, रात्री आत घ्या. दव लागलं की बुरशी. चार ते सात दिवसांत बोट वाकवल्यावर कट् आवाज करून मोडलं पाहिजे. वाकलं तर अजून ऊन द्या.

व्यापाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. लोक पोळ्याच्या आसपास मुसळी काढतात ते काही अडाणीपणाने नाही. त्या दिवसांत जुना दाणा संपलेला असतो, नवा घरात आलेला नसतो, आणि रोख पैसा रानातच असतो. शिवाय मी थांबलो तर शेजारच्या पाड्यावरचा काढून नेणार. एकट्याने थांबून उपयोग नाही, हे त्याचं बरोबरच आहे. पण म्हणून ऑगस्ट बरोबर ठरत नाही, तारीख सगळ्यांनी मिळून ठरवावी लागते. जिनसेंग काढू देणाऱ्या बहुतेक अमेरिकन राज्यांत १ सप्टेंबरच्या आधी मुळाला हात लावता येत नाही, आणि फळं पिकलेली असतील तर ती तिथेच पेरावी लागतात. आपल्याकडे २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला असा नियम करता येतो. कार्तिक संपेपर्यंत कोणी खणायचं नाही आणि गावात कच्चा माल कोणी घ्यायचा नाही, एवढे दोन ठराव पुरेत. दुसरा ठराव झाला की व्यापारी आपोआप मार्गशीर्षात येतो. भाव त्याला पक्क्या मालाचाच मिळतो, हे तो तोंडाने कबूल करत नाही एवढंच.

हे आधी सांगायला हवं होतं, राहिलं: तुमचं गाव कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात असेल तर खुंटीसुद्धा नको. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव बोरिवलीवरून आलंय, क्लोरोफायटम बोरिविलियानम. सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात ते ठेवलं. म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात खणायला जाणारे हौशी लोक असतात. तो सरळ गुन्हा आहे. बाहेरच्या वनजमिनीवरही आधी ग्रामसभेला विचारा. तुम्ही सुट्टीला आलेले, त्यांचं पोट त्यावर आहे. स्वतःच्या बांधावर असेल तर प्रश्नच नाही.

दुसरं, पान गेल्यावर अंदाजाने खणू नका. त्याच रानात कळलावी असते, पावसाळ्यात लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं येणारी. तिचा कंद विषारी, जीव घेण्याइतका. तो नांगराच्या फाळासारखा दुबेळक्यात वाकलेला असतो, मुसळीसारखा झुबका नसतो. पण अर्धा तुटून हातात आला तर नवख्याला काय कळणार? खुंटी नसेल तिथे खणायचं नाही, हा नियम यासाठीसुद्धा. काळी मुसळी मिळाली तर विष नाही, पण ती वेगळीच वस्तू: पिवळं फूल, एकच सरळ खाली गेलेलं मूळ, बाजूला बारीक तंतू. तिला चर उभा आणि खोल लागतो. बोटं दोऱ्यासारख्या मुळांच्या टोकाला गाठीसारखी लोंबत असतील तर ती मुसळीची दुसरी जात. ती काढून बसू नका, माती लोटून द्या.

जपानी खुरपं: पोलाद चांगलं असतं, पातं मात्र आपल्या कामाला रुंद, आणि एका कडेला करवतीसारखे दाते असतात. बागेत मुळ्या कापायला ते ठीक, मुसळीच्या झुबक्यात गेले की चार बोटं सोलून बाहेर येतात. मागवलंच असेल तर ती कड कानशीने आधी सपाट करून घ्या.