दक्षिण इटलीत समुद्रकिनारे आणि ऐतिहासिक शहरे दोन्ही पाहायची असतील, तर एका आठवड्यात कुठे जावे?

आपण लिहिले आहे की सप्टेंबरमध्ये आठवडाभराची सुट्टी आहे, सोबत साठी ओलांडलेले आई-वडील आहेत आणि अमाल्फी, सिसिली व पुलिया यांपैकी काय निवडावे हे ठरत नाही. माझे मत असे, की सगळी दक्षिण इटली पालथी घालण्याच्या फंदात न पडता पुलिया, म्हणजे इटलीच्या बुटाची टाच, आणि तिला लागून असलेले मातेरा हे शहर एवढेच करावे. अमाल्फीचा किनारा देखणा आहे यात शंका नाही, परंतु तेथे पायऱ्या फार, पोहण्याच्या जागा चिंचोळ्या आणि राहण्याचे दर चढे. सिसिलीला आठवडा पुरत नाही. पुलियात मात्र बारीपासून लेच्चेपर्यंत रेल्वेचा मुख्य मार्ग असल्याने पोलिन्यानो, मोनोपोली आणि टेकडीवरचे पांढरेशुभ्र ओस्तुनी ही गावे स्वतः गाडी न चालवताही पाहता येतात.

मुक्काम दोनच ठेवावेत, पहिला बारी किंवा मोनोपोली आणि दुसरा लेच्चे. बारीच्या जुन्या भागात संत निकोलस यांचे भव्य चर्च आहे. त्यांच्या अस्थी १०८७ मध्ये येथील खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथून आणल्या. जवळच्याच एका गल्लीत बायका दाराशी टेबल मांडून ओरेक्येत्ते हा पास्ता वळत बसलेल्या असतात. कणकेच्या लांब वळीचा नखाएवढा तुकडा पाडायचा, बोथट सुरीने तो फळीवर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करून वाटी साधायची, हे सारे बोलता बोलता चाललेले असते. शाकाहारी असाल तर एक सावधगिरी बाळगावी: हा पास्ता ज्या पालेभाजीबरोबर देतात, तिच्यात पुष्कळदा बारीक खारवलेले मासे असतात, म्हणून आधी विचारावे. वाळवलेल्या बाकल्याच्या दाण्यांचे वरणासारखे घट्ट मिश्रण आणि सोबत कडसर पालेभाजी हा पदार्थ मात्र निर्धोक आणि चवदार आहे.

पोलिन्यानोचा दोन कड्यांमधला चिमुकला किनारा आपण छायाचित्रांत पाहिलाच असेल. तेथे वाळू नसून गोटे आहेत, त्यामुळे पाण्यात घालायच्या चपला हव्यात, आणि गर्दीही असते. मी तेथे गाव पाहावे आणि पोहायला मोनोपोलीला जावे असे म्हणेन. आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची, चुन्याविना दगड रचून बांधलेली घरे जागतिक वारशाच्या यादीत आहेत, पण निम्म्या घरांत दुकाने थाटलेली दिसतात. दोन तास पुरे.

मातेराला मात्र पूर्ण दिवस द्यावा, जमल्यास रात्रही काढावी. डोंगरात कोरलेल्या घरांत येथे माणसे आणि जनावरे एकाच खोलीत राहत असत. १९५२ च्या कायद्याने सुमारे पंधरा हजार लोकांना तेथून हलवून नव्या वस्त्यांत नेले गेले, १९९३ मध्ये त्याच वस्तीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि आज तेथे महागडी हॉटेले आहेत. एक घर जुन्या सामानासह पाहण्यासाठी ठेवले आहे आणि मुख्य चौकाखाली खडकात खोदलेले पाण्याचे प्रचंड टाकेही पाहता येते. आई-वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून वरच्या अंगाला खोली घ्यावी. बारीहून जाणारी गाडी वेगळ्या रेल्वेकंपनीची आहे. तिचे रविवारचे वेळापत्रक आधी तपासावे.

लेच्चेच्या मऊ, मधाळ रंगाच्या दगडावरचे नक्षीकाम संध्याकाळच्या उन्हात पाहावे. तेथून पोहायला कुठे जायचे हे आदल्या रात्री न ठरवता सकाळी वारा पाहून ठरवावे. उत्तरेचा त्रामोंताना वारा सुटला असेल तर पश्चिमेच्या आयोनियन समुद्राच्या बाजूला, म्हणजे गाल्लिपोली किंवा पेस्कोलुसेकडे, आणि दक्षिणेचा शिरोक्को असेल तर पूर्वेच्या एड्रियाटिक समुद्राच्या बाजूला, हा तेथल्या लोकांचा साधा नियम आहे. आयोनियन बाजूची वाळू बारीक आणि पाणी बरेच अंतर उथळ असल्याने ज्येष्ठांना तीच सोयीची.

एड्रियाटिक बाजूला गेलात तर ओत्रांतो चुकवू नये. तेथील कॅथेड्रलची सबंध जमीन पांतालेओने नावाच्या साधूच्या देखरेखीखाली ११६३ ते ११६५ या काळात रंगीत तुकड्यांनी सजवली गेली. दारापाशी दोन हत्तींच्या पाठीवर एक झाड उभे राहते आणि त्याच्या फांद्यांत बायबलमधले नोहा आणि बाबेलचा मनोरा, राजा आर्थर, सिकंदर आणि बारा महिन्यांची शेतीची कामे अशी सगळी सरमिसळ दिसते. बाजूच्या कपाटांत १४८० च्या ऑटोमन हल्ल्यात मारल्या गेलेल्या गावकऱ्यांच्या कवट्या आहेत. आई-वडिलांना आधी कल्पना द्यावी.

भाड्याने मोटार घ्यायची असेल तर ती फक्त लेच्चेच्या मुक्कामापुरती घ्यावी, कारण ओत्रांतोपर्यंतची रेल्वे वाटेत बदलावी लागते आणि ती संथ आहे. भारतातील परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो व तो निघण्यापूर्वी आरटीओकडूनच काढावा लागतो. जुन्या शहरांत वाहनबंदीच्या हद्दीवर कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येऊ शकते, म्हणून गाडी तटबंदीबाहेर लावून आत चालत जावे.