प्रोग्रामिंग न येता गेम जॅममध्ये भाग घ्यावा का?

प्रश्न : मी कथा लिहिते, पण मला प्रोग्रामिंग येत नाही. लेखनावर भर असलेल्या गेम जॅममध्ये मला भाग घेता येईल का?

उत्तर : अवश्य घ्या. गेम जॅममध्ये ठरलेल्या मुदतीत खेळता येण्याजोगा गेम पूर्ण करायचा असतो. ‘ग्लोबल गेम जॅम’मध्ये ही मुदत पूर्वापार ४८ तासांची असे. क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेले ‘ट्वाइन’ हे मोफत साधन आपल्याला पुरेल. त्यात मजकुराचे तुकडे लिहून, दुहेरी चौकटी कंसांत [[ ]] पुढच्या तुकड्याचे नाव देऊन ते जोडता येतात आणि तयार गेम ब्राउझरमध्ये उघडत असल्याने देवनागरीची अडचण येत नाही. नियमांची आडकाठी नसेल, तर मराठीतच लिहावे, असे मला मनापासून वाटते.

खरी कसोटी कथेला फुटणाऱ्या फाट्यांची असते. प्रत्येक वळणावर खेळणाऱ्यासमोर निवडीसाठी दोन स्वतंत्र वाटा ठेवल्या, तर पाचव्या निवडीनंतर ३२ शेवट लिहावे लागतात. म्हणून वाटा पुन्हा एकत्र आणाव्यात आणि निवडीची नोंद तेवढी ठेवावी : नायिकेने वडिलांचे पत्र फोडले होते की नाही, यावरून शेवटच्या भेटीतला एकच संवाद बदलला, तरी त्या निवडीला वजन येते. मुदत संपण्यापूर्वी एखाद्या मैत्रिणीला गेम खेळायला द्या आणि ती कुठे अडखळते, ते न बोलता पाहा.