पहिली नोकरी लागली असेल तर आधी गिट नीट शिक

कॉलेजात बहुतेक कोड आपणच लिहिलेला असतो. कंपनीत सुरुवातीचा बराच वेळ दुसऱ्यांचा कोड वाचण्यात जातो. तिथे आणखी एका फ्रेमवर्कपेक्षा गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, जास्त कामाला येतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं. पण बरेच जण अॅड, कमिट (बदलाची नोंद करणं), पुश (ती सर्व्हरवर पाठवणं) एवढ्यावरच वर्षं काढतात.

‘गिट ब्लेम’ वापरायला लाग. नाव भांडखोर आहे, काम साधं: प्रत्येक ओळ शेवटची कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दिसतं. निरर्थक वाटणारी इफ कंडिशन उडवण्याआधी तिचा कमिट मेसेज वाच. बऱ्याचदा ती एखाद्या जुन्या बगसाठीच घातलेली असते.

माझी सगळ्यात आवडती कमांड मात्र ‘गिट बायसेक्ट’. काल चालणारी गोष्ट आज बंद पडली, तर एक चांगला जुना कमिट आणि एक बिघडलेला नवा कमिट तिला सांगायचा. ती मधला काढून देते, आपण तपासून चांगला की वाईट ते सांगायचं. दर वेळी निम्मे कमिट बाद होतात, म्हणून हजार असले तरी साधारण दहा फेऱ्यांत नेमका कमिट हाती लागतो. मात्र त्यासाठी कमिट छोटे हवेत आणि प्रत्येकावर बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार होणं) चालायला हवा. ‘फायनल’, ‘फायनल २’ असले मेसेज नकोत. काय बदललं ते डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात, दिसतंच. का बदललं ते लिही.

आणि पासवर्ड किंवा एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली) चुकून पुश झाली तर पुढच्या कमिटमध्ये खोडून भागत नाही, इतिहासात ती राहतेच. लगेच सीनियरला सांग आणि की बदलून घे.